मटण-भाकरीची चव एक नंबर, पण बसायला जागा नाही. तुम्ही परत जाता का?

सिंदफणाकाठ · रविवार, रात्री १०.१०

मंडळी, आज एक गोष्ट मनाला लागलीय, म्हणून धागा काढतोय.

सकाळी आईला तुळजापूरला दर्शनाला नेलं होतं. आईचं वय ७४, दोन्ही गुडघ्यांनी बेजार. दर्शन चांगलं झालं. परतीला धाराशिव मागं पडलं तशी आई म्हणाली, "आज घरी जाऊन चूल नको. कुठंतरी मटण-भाकरी खाऊ." आई तोंडानं काही मागत नाही. वर्षातून एखाद्या वेळी असं म्हणते. त्यामुळं मी गाडी थेट महामार्गावरच्या एका नावाजलेल्या हॉटेलाकडं घेतली. नाव लिहीत नाही, कारण एका हॉटेलाला बदनाम करायला हा धागा काढलेला नाही.

दीड वाजता पोचलो. पत्र्याचं शेड, मागं चुली, रस्त्याच्या दोन्ही बाजूला गाड्या. नंबर लावायची काहीच सोय नाही. वही नाही, टोकन नाही, विचारणारा माणूस नाही. जेवणाऱ्याच्या खुर्चीमागं जो जाऊन उभा राहील त्याला जागा, अशी पद्धत. मी एका कुटुंबाच्या मागं ३५ मिनिटं उभा होतो. दुसऱ्याच्या ताटाकडं बघत उभं राहायचं, त्यांच्या पोराच्या हातातलं नळीचं हाड संपायची वाट बघायची. माझी मलाच लाज वाटत होती. आई बाहेर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसलेली. ते लोक उठले, मी आईला हात धरून आणायला गेलो, तेवढ्यात तिथं दोन पोरं येऊन बसली. परत २० मिनिटं. शेवटी अनोळखी माणसांच्या टेबलावर अर्धी जागा मिळाली.

आता जेवणाचं सांगतो, कारण खोटं बोलवत नाही. रस्सा काळा, पातळ, वर नखभर तर्री. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचा वास वाटीच्या आधी येतो. मटण उस्मानाबादी बोकडाचं, हाडापासून सुटणारं, पण लगदा झालेलं नाही. काळा मसाला घरचाच असणार, विकतच्याला तो खरपूसपणा येत नाही. एवढा चांगला रस्सा मी कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता. पण भाकरी यायला २० मिनिटं लागली. तोवर वाटीवरची तर्री गोठून पांढरी पडली. आणि आईच्या खुर्चीच्या पाठीला हात टेकवून एक माणूस आमच्या उठण्याची वाट बघत उभा, जसा मी आधी उभा होतो तसाच.

आई अर्धी भाकरी खाऊन उठली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "रस्सा चांगला होता रे. पण मागं माणूस उभा राहिला की घास उतरत नाही."

घरात बायकोनं सांगून टाकलंय, परत तिथं पाऊल ठेवायचं नाही. मी मात्र परत जाणार. त्या रश्श्यासाठी जाणार, हे मला आत्ताच माहितीय आणि तेच मला खटकायलंय. चव चांगली असली की बाकीचं सगळं भरून निघतं का? तुमचा अनुभव सांगा.

बालाघाट · रविवार, रात्री १०.३२

माझं मत सरळ आहे. माणूस हॉटेलात जेवायला जातो, बसायला नाही. चव असेल तर बाकी सगळं माफ.

गर्दीचा फायदाही बघा. ज्या ठिकाणी रविवारी दोन वाजता निवांत जागा मिळते, तिथलं मटण कधीचं आहे हे कोण सांगणार? गर्दीच्या ठिकाणी सकाळी कापलेलं दुपारी तीनला संपतं. उद्यासाठी काही उरतच नाही. भज्यांचं तेच. अंबाजोगाईला कॉलेजात असताना आम्ही एका गाड्यावर भजे खायचो. पेपरवर पडलेला घाणा दोन मिनिटं टिकत नव्हता, म्हणून तर ते भजे भजे होते. त्याच माणसानं पुढं गाळा घेतला, खुर्च्या टाकल्या, गर्दी विरळ झाली. भजे तळून परातीत पडून राहायला लागले आणि चव गेली. माणूस तोच, पीठ तेच.

आईंना त्रास झाला त्याचं वाईट वाटलं. पण वयस्कर माणसाला घेऊन रविवारी दीडला जायचंच नव्हतं. अकराला जायचं, नाहीतर पार्सल घ्यायचं.

लातूरची_लेक · रविवार, रात्री ११.०५

बालाघाट दादा, "बाकी सगळं माफ" असं म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा त्या बाकीच्यातलं काहीच सोसावं लागत नाही.

धागाकर्त्यांनी खुर्चीमागं उभं राहून जागा मिळवली. मी एकटी बाई परक्या पुरुषांच्या खुर्चीमागं ३५ मिनिटं उभी राहू शकत नाही. राहिले तर सगळं शेड माझ्याकडं बघणार. मग "फॅमिली रूम" म्हणून मागं एक खोली दाखवतात. तिथं पंखा नाही, टेबलावर आधीच्यांची हाडं तशीच, आणि वाढपी तिकडं फिरकतच नाही, कारण सगळा धंदा पुढं चाललेला असतो. बाथरूमची तर गोष्टच सोडा. लातूर ते सोलापूर प्रवासात मी पाणी कमी पिते, हे कुणाला सांगून पटत नाही.

गर्दी म्हणजे वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. सकाळी इथं निलंगा राईसच्या गाड्यांवर बघा. ट्यूशनची शेकडो पोरं-पोरी, आठच्या क्लासच्या आधी सगळ्यांनाच घाई. पण गाडीवाल्याच्या डोक्यात नंबर पक्का असतो. "ताई, तुमच्या आधी हे दोघं, मग तुम्ही," असं नुसतं म्हणतो. पिवळा भात, वर शेव, कांदा, लिंबाची फोड. उभ्यानं खायचं, प्लेट टोपलीत टाकायची, निघायचं. धक्का लागतो, तरी अपमान वाटत नाही. माझ्या बाजूनं एवढंच आहे. आपण आलोय हे कुणाच्या तरी लक्षात आलंय, एवढं कळलं की मी तासभर उभी राहीन.

गुलमंडीकर · सोमवार, सकाळी ७.४८

लातूरची_लेक यांच्याशी सहमत. त्यात माझ्या संभाजीनगरची भर घालतो, कारण आमच्याकडं गर्दीसाठीच जन्मलेलं अन्न आहे.

नान-खलिया म्हणजे नान आणि मांसाचा रस्सा. त्याबद्दल सांगतात ते असं की मुहम्मद तुघलकानं १३२७ साली दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा फौजेसोबत हे जेवण इकडं आलं. सांगोवांगी किती खरी ते सोडा, पण पदार्थ फौजेला शोभणारा आहे हे खाताना कळतं. खलिया मोठ्या डेगीत शिजतो. डेग एकदा उतरली की पन्नास माणसं असोत की पाचशे, वाढणाऱ्याला फक्त पळी बुडवायची असते. नान दुसरीकडं तंदूरमध्ये भाजून थप्पीनं येतात. गार झाला तरी नान बिघडत नाही, खलियात बुडवला की परत मऊ होतो. ऐनवेळी करायचं काहीच उरत नाही. माझ्या लहानपणी आजोबा घरून डबा द्यायचे. दुकानापुढं शंभर माणसं असली तरी दहा मिनिटांत डबा भरून मिळायचा. मालक बसल्या जागेवरून म्हणायचे, "छोटे, कितने नान?" आणि आपला नंबर आला.

म्हणजे गर्दी झेलायची ताकद आधी पदार्थात असावी लागते. खलिया, बिर्याणी, तहारी, दालचा ही सगळी डेगेची मंडळी. मटण-भाकरीत मटण डेगेचं आहे, पण भाकरी नाही. माझ्या मते घोळ तिथंच होतो. याची आतली माहिती असणारं कुणी असेल तर लिहा.

गोदातीर · सोमवार, सकाळी ९.२०

नांदेडहून लिहितोय. सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये जेवला नसाल तर एकदा नक्की या. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजी इथं ज्योतीत विलीन झाले, तेव्हापासून हे गाव येणाऱ्याला जेवू घालतंय.

तिथं रांगेला शब्दही आपलाच आहे, पंगत. पंजाबीतही पंगतच म्हणतात. जमिनीवर चटया, खालचा-वरचा असा भेद नाही. ताट घ्यायचं, ओळीत बसायचं. वाढणारा समोर येतो, आपण दोन्ही हात पुढं करायचे, रोटी हातावर पडते. एक पंगत उठते, लगेच जमीन पुसतात, दुसरी बसते. गुरुपुरबाला माणसांचा समुद्र असतो. पण तिथं आजतागायत कुणी माझ्या पाठीमागं येऊन उभं राहिलं नाही. पुढची पंगत बाहेर थांबते. जेवणाऱ्याच्या मागं थांबायची पद्धतच नाही.

आपल्याकडच्या सप्त्याच्या पंगतीतही हेच. काल्याच्या दिवशी सगळा गाव लोटतो, पण वाढपी ओळ सोडून कुणाच्या ओळखीच्याला आधी वाढत नाही. वाढलं तर म्हातारी माणसं तिथल्या तिथं बोलून दाखवतात. हे आपल्याला येत नाही असं नाही. मग हॉटेलात गेल्यावर आपण ते का विसरतो?

दुधनाकाठ · सोमवार, दुपारी ३.५५

दुपारची गर्दी ओसरली, म्हणून आत्ता लिहितोय. परभणीजवळ माझं छोटं हॉटेल आहे, २८ खुर्च्या. मटण-भाकरीच. लंगरशी तुलना केलीत ती मान्य, पण तिथं सेवेकरी असतात. मला पगार द्यावा लागतो.

आमची बाजू ऐका. मटण आज ७००-८०० रुपयांच्या घरात आहे. सोमवार ते शनिवार निम्म्या खुर्च्या रिकाम्या. रविवारी बारा ते तीन, या तीन तासांवर आठवडा निघतो. त्या तीन तासांसाठी मी दुप्पट माणसं ठेवली तर बाकीचे सहा दिवस त्यांना काम काय देऊ? एका दिवसापुरतं कुणी येत नाही. दसऱ्यानंतर तर विचारूच नका, निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. भांडी घासायला माणूस मिळत नाही म्हणून मागच्या रविवारी माझा मुलगा बसला होता. त्याची बारावी आहे.

टोकन मी करून बघितलं. वही ठेवली, नंबर दिले. दुसऱ्याच रविवारी ओळखीचे पुढारी आले, पोरांना घेऊन, नंबर नको म्हणाले. नाही म्हटलं असतं तर मला त्याच गावात राहायचंय. त्यांना बसवलं, आणि २३ नंबरवाल्या मास्तरांनी सगळ्यांसमोर वही माझ्या गल्ल्यावर आपटली. मास्तर बरोबर होते. त्या दिवसापासून वही बंद केली. चुकलंच माझं, पण काय करावं ते सुचत नाही.

बालाघाट · सोमवार, दुपारी ४.३०

दुधनाकाठ बाप्पा, मनापासून लिहिलंत. वही परत चालू करा. मास्तर परत येतील.

हिशेबी_माणूस · सोमवार, रात्री ९.१५

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. हा माझ्या विषयातला प्रश्न आहे. धागाकर्ते, तिथं खुर्च्या किती होत्या, बाहेर माणसं किती, आणि बसल्यावर उठेपर्यंत वेळ किती जातो?

सिंदफणाकाठ · सोमवार, रात्री ९.२८

दहा टेबलं, ४० खुर्च्या. बाहेर ९० तरी माणसं असतील. आम्हाला बसल्यापासून पाऊण तास लागला, त्यातली २० मिनिटं भाकरीची वाट बघण्यात गेली. शेजारच्या टेबलांवरही तेच चाललं होतं.

हिशेबी_माणूस · सोमवार, रात्री ९.५०

मग हिशेब असा. ४० खुर्च्या, प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे तासाला साधारण ५३ माणसं जेवून उठतात. बाहेर ९० असतील तर शेवटच्या माणसाला एक तास चाळीस मिनिटं थांबावं लागणार. यात मालकाची सदिच्छा, वाढप्याची पळापळ, काहीही आड येत नाही. रांगेतली माणसं, येण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांचं नातं पक्कं असतं. जॉन लिटल यांनी १९६१ साली ते गणितानं सिद्ध केलं, आम्ही ते लिटलचा नियम म्हणून शिकवतो.

एक कडू गोष्टही सांगतो. तुम्ही ५५ मिनिटांत बसलात. गर्दी तेवढीच, खुर्च्या तेवढ्याच. म्हणजे तुमच्या आधी आलेलं कुणीतरी मागं ढकललं गेलं. खुर्चीमागं उभं राहायची ज्यांना सवय नाही, ज्यांच्या कडेवर पोर आहे, ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्या वाट्याचा वेळ दांडग्या माणसाला मिळतो. तुमच्या आई कट्ट्यावर एकट्याच बसल्या होत्या का?

सिंदफणाकाठ · सोमवार, रात्री १०.०४

नाही. अजून दोन म्हाताऱ्या होत्या. एक बाई लेकराला घेऊन होती. आम्ही उठून निघालो तेव्हाही ती तिथंच होती.

चुलीजवळची · मंगळवार, पहाटे ५.४०

गुलमंडीकर काकांनी विचारलं होतं, आतली माहिती असणारं कुणी आहे का. माझी आई दहा वर्षं असल्याच एका हॉटेलात भाकरी करते. कोणतं ते विचारू नका. मी नर्सिंगला आहे, लहानपणी शाळा सुटली की तिच्याजवळ बसून अभ्यास करायचे. म्हणून सगळं बघितलेलं आहे.

भाकरीचं पीठ सकाळी मळून ठेवता येत नाही. गव्हाचं येतं, कारण गव्हात चिकटपणा असतो. ज्वारीत तो नाही. आधणाचं पाणी घालून पीठ भिजवायचं, आणि प्रत्येक भाकरीचा उंडा थापायच्या आधी परत मळायचा. तळव्याच्या टाचेनं रगडून रगडून. तो नीट मळला नाही की थापताना कडा फाटतात. पीठ जुनं असेल, विरी (पिठाची धरून ठेवायची ताकद) गेलेली असेल, तर कितीही मळा, भाकरी तव्यावर टाकताना हातातच मोडते. मग थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं, पाणी सुकायच्या आत उलटायची, मग तवा बाजूला करून विस्तवावर उभी धरायची. तेव्हा ती फुगते. पापुद्रा सुटला नाही तर गिऱ्हाईक परत पाठवतं. करून टोपल्यात ठेवली तर अर्ध्या तासात वातड होते, तीही परत येते.

आईची एक भाकरी दोन मिनिटांत हातावेगळी होते. तासाला तीस. रविवारी दहा ते चार, मधे एकदा पाणी प्यायला उठते, १८० भाकरी होतात. तिच्या उजव्या तळव्याला, करंगळीच्या खाली, घट्टा पडलाय. लिंबाएवढा. मनगटापासून कोपरापर्यंत हाताला केस नाहीत, जाळानं गेले. मे महिन्यात पत्र्याखाली, पुढ्यात चूल.

आणि रविवारी होतं काय, तर बाहेर टेबलं वाढवतात. अंगणात खुर्च्या टाकतात. दोन वाढपी जास्तीचे बोलावतात. भाकरी करणाऱ्या मात्र तेवढ्याच चौघी. मग वाढपी येऊन पत्रा वाजवतात, "भाकरी, भाकरी, सात नंबरला भाकरी!" वाढप्यांचीही चूक नाही, त्यांना तिकडून शिव्या पडतात. पण त्या शिव्या शेवटी येतात कुणापर्यंत? गिऱ्हाईकाला दिसतसुद्धा नाही की पत्र्याच्या मागं बायका आहेत.

रश्श्याचं कौतुक सगळे गल्ल्यावर जाऊन करतात. दहा वर्षांत एकदा एक आजी मागं आल्या होत्या. आईजवळ पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुझ्या हातची भाकरी माझ्या सासूसारखी आहे." आई ते अजून सांगते.

लातूरची_लेक · मंगळवार, सकाळी ८.१०

हे वाचून पाच मिनिटं काहीच सुचलं नाही. ताई, लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

हिशेबी_माणूस · मंगळवार, सकाळी ८.४५

माझा कालचा हिशेब चुकीच्या जागेवर मांडला होता. मी खुर्च्या मोजल्या, मोजायला हवे होते तवे.

धागाकर्त्यांच्या हॉटेलातही भाकरीला चौघीच धरू. चार जणी, तासाला तीस-तीस, म्हणजे १२० भाकरी. एक माणूस अडीच भाकरी खातो असं धरा. १२० भाकरीत ४८ माणसं जेवतात. खुर्च्यांतून तासाला ५३ उठू शकतात, पण भाकरी ४८ जणांनाच पुरते. अडतंय ते तव्यावर. अंगणात आणखी २० खुर्च्या टाकल्या तरी जेवून उठणारे ४८च, फक्त उभं राहून वाट बघण्याऐवजी बसून, गार रश्श्यापुढं वाट बघणार. धागाकर्त्यांची तर्री गोठली ती याच्यामुळं.

उलट खुर्च्या ४०च ठेवून भाकरीला दोन बायका वाढवल्या तर तासाला १८० भाकरी, ७२ माणसं. भाकरी लवकर आली की बसायचा वेळही ४५ वरून ३० मिनिटांवर येईल, मग त्याच ४० खुर्च्या ७२ जणांना सहज पुरतील. बाहेरच्या ९० माणसांतला शेवटचा आज जवळपास एक तास पन्नास मिनिटांनी बसतो, तो सव्वा तासात बसेल.

दुधनाकाठ · मंगळवार, दुपारी ४.१०

सर, तुमचा हिशेब दुकानाच्या वहीत उतरवून घेतला. माझ्याकडं भाकरीला दोघी, म्हणजे तासाला २४ माणसं, आणि मी २८ खुर्च्यांच्या ३६ करायच्या विचारात होतो. सुताराला सांगूनही झालं होतं. आता थांबवलंय.

भाकरी करणाऱ्या बायका मिळत नाहीत हे मात्र खरं आहे. आणि चुलीजवळची ताई, एक कबूल करतो. माझ्याकडं वाढप्याला रोजंदारी जास्त आहे आणि भाकरी करणाऱ्यांना कमी. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पहिल्यापासून चालत आलं. वाढपी पुढं असतो, सोडून गेला तर धंदा बंद पडेल ही भीती असते. बायका कुठं जाणार, असं डोक्यात बसलेलं. आज संध्याकाळी दोघींशी बोलणार आहे.

रस्त्यानं_जाणारा · मंगळवार, रात्री ८.३०

थोडं अवांतर, पण दुसरी बाजू म्हणून लिहितो. मागच्या महिन्यात संभाजीनगरला एका थंडगार, शांत, कापडी रुमालवाल्या हॉटेलात गेलो होतो. दारात नाव विचारलं, खुर्ची ओढून दिली. आणि रस्सा म्हणजे टोमॅटोची ग्रेव्ही, भाकरी पुठ्ठ्यासारखी. वर बिलात दहा टक्के सेवा शुल्क. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलंय की हॉटेलला ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. मी तसं सांगितल्यावर काढून दिलं. नाही काढलं तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते, हे लक्षात असू द्या.

सांगायचं एवढंच की नीटनेटकेपणानं माझंही पोट भरलं नाही. दोन्हीकडून उपाशीच.

बालाघाट · मंगळवार, रात्री ९.१०

माझं मत थोडं बदललंय, थोडं तसंच आहे.

तसंच आहे ते असं की मी तिथं जाणार. असला रस्सा शांत जागी होत नाही, हे मी अजूनही म्हणतो. त्याला ती चूल लागते, ती रोजची मोठी डेग लागते आणि ती संपवणारी माणसं लागतात.

बदललंय ते असं. "बाकी सगळं माफ" म्हटलं होतं. पण माफ करायचा हक्क माझा नव्हता, कारण पत्रा माझ्यापुढं वाजत नव्हता. मीसुद्धा टेबलावर मूठ आपटून भाकरी मागितलेली आहे. दोनदा तरी. ते आज दिवसभर डोक्यातून जाईना.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्या शेतात दरसाल साठ-सत्तर माणसं जेवतात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. ओळखीचे, बिनओळखीचे, रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून बसवतो. झाडाखाली, बांधावर, कुठंही. गोंधळ म्हणाल तर काय असतो! पण तिथं कुणी मूठ आपटत नाही. कारण भज्जी कुणी ढवळली, उंडे कुणी केले, हे प्रत्येकाला समोर दिसत असतं.

गोदातीर · मंगळवार, रात्री ९.४०

बालाघाट, यंदा येळवशीला तुमच्याकडं आलो तर चालेल का?

बालाघाट · मंगळवार, रात्री ९.४३

विचारायचं असतं का? या. सगळेच या.

सिंदफणाकाठ · बुधवार, रात्री ८.२०

सगळ्यांचे आभार. आजचं सांगतो.

काल रात्री चुलीजवळची ताईंचा प्रतिसाद मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला. विरी गेलेल्या पिठाचं आलं तिथं मान हलवली. मग म्हणाली, "मला परत घेऊन चल. पण रविवारी नको."

आज रजा टाकली. अकराला पोचलो, पाच टेबलं रिकामी. आई टेबलावर बसलीच नाही, काठी टेकत थेट मागं गेली. मी गल्ल्यावर मालकांना विचारलं, ते "जाऊ द्या की" म्हणाले. चौघी जणी होत्या, दोन चुली, चार तवे. आईला पाट दिला. पाचच मिनिटांत त्यांचं चालू झालं, ज्वारी मालदांडी आहे का, दळण किती दिवसांचं, आधणात मीठ टाकता का. एकीचं माहेर आमच्या शेजारच्या गावचं निघालं.

आई तिथंच चुलीजवळ जेवली. भाकरी तव्यावरून थेट ताटात, रस्सा वाफाळलेला. मी पुढं बसून मान वळवून बघत होतो. दीड भाकरी खाल्ली. वर एका भाकरीचा पापुद्रा रश्श्यात बुडवून खाल्ला, जसा आम्ही लहान असताना ती आम्हाला द्यायची. मागं कुणी उभं नव्हतं.

निघताना मालकांना रविवारचं सगळं सांगितलं. कट्ट्यावरच्या बाईचं, लेकराचं, खुर्चीमागं उभं राहायचं. हिशेबी सरांचा हिशेब मोबाईलवर दाखवला. त्यांनी नीट वाचला. म्हणाले, "दोन बायका बघतो, मिळाल्या तर." वहीचं म्हटलं तर गप्प बसले. तिथंही पुढारी येत असणार.

बायको अजून "नाही" म्हणते. तिचं म्हणणं, बुधवारी रजा काढून जेवायला जाणं किती जणांना जमणार? रविवारी त्या कट्ट्यावर कुणीतरी बसणारच आहे. तिला उत्तर द्यायला माझ्याकडं काही नाही.

चुलीजवळची · बुधवार, रात्री १०.५५

काका, ड्यूटीवरून आत्ता आले. आईला फोन करून तुमचं सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, तुमच्या आईला भाकरी थोडी जाड आवडते की पातळ?

सिंदफणाकाठ · बुधवार, रात्री ११.०२

पातळ. आणि कड थोडी करपलेली.